राखीव जागेतली घागर

औशात त्या रात्री लाईट गेली ती आलीच नाही. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या, पण गच्ची अजून तव्यासारखी तापलेली. पोरांनी मोबाईल बघून बघून बॅटऱ्या संपवल्या, तेव्हा कुठं त्यांना भुजंगमामा दिसले. आधी दिसत नव्हते असं नाही, आधी गरज नव्हती.

"मामा, भुताची सांगा," तारा म्हणाली. तारा ही मामांची भाची. लातूरला कॉलेजात जाते, तोंडाने फटकळ.

"भूत मला माहीत न्हाई," मामा म्हणाले. "मी जलमभर पेट्रोल पंपावर राखणीला व्हतो. रातच्याला तिथं भुतं येत न्हाईत, डिझेलचोर येत्यात. पण रेवणसिद्धाचं सांगतो. माझ्या वळखीतला पोरगा. पटलं तर घ्या, न्हाई तर झोपा गप."

"पटवून घेऊ की," तारा म्हणाली. बाकीची पोरं हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी सुपारीचं खांड दाढेखाली धरलं आणि सुरू केलं.

काम एवढंसं होतं. एक जॅमर काढायचा आणि औशाला जायचं.

सोळा साल. अकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीची अमावस्या, शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. रेवणची बायको महानंदा औशातल्या एका दवाखान्यात. पहिलीच खेप. संध्याकाळपासून कळा. सोबतीला रेवणची आई पार्वतम्मा. दवाखान्यातली बोअर आटलेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाणी ज्याचं त्यानं आणायचं. रेवणनं लातुरात कुठून तरी एक कॅन भरून गाडीच्या मागं दोरीनं बांधली होती आणि निघाला होता. नाका ओलांडला आणि ज्याच्याकडं तो पार्किंगला कामाला होता, त्या ठेकेदाराचा फोन आला. बाजारात एका जीपला जॅमर तसाच राहिलाय, जीपवाला बोंबलून राहिलाय, जा आणि सोड.

"साहेब, बायको दवाखान्यात हाय."

"पाच मिंटाचं काम. चावी तुझ्यापाशी हाय, मी का दातानं तोडू?"

रेवणनं गाडी वळवली.

आता ती जागा समजून घ्या. औसा रोडवर तेव्हा नवा सुपर बाजार झाला होता. काचेचा दरवाजा, आत गार हवा, बाहेर मोटारींसाठी फरशी आणि फरशीवर पिवळ्या पट्ट्यांचे चौकोन. दाराजवळचा पहिला चौकोन राखीव. तसा बोर्डच होता. मालकाची गाडी आली तर तिथं लागायची. महिन्यातून एकदा येत होती का, देव जाणे. पण जागा रोज राखीव.

त्याच चौकोनाच्या डोक्याशी भिंतीत एक तोटी होती. मालकाच्या बोअरला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं. अख्ख्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि या भिंतीत तोटी. टीव्हीवाल्यांनी रेल्वे दाखवली. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया मागं दिसायच्या, धुळीसारख्या. सुरुवातीला मालकानं बरं केलं, पहाटे तासभर तोटी सोडायचा मागच्या वस्तीसाठी. बाया संध्याकाळीच येऊन पिवळ्या चौकोनांत भांडी ठेवून जायच्या. एका चौकोनात एकीचं भांडं. राखीव चौकोन म्हणजे पहिला नंबर.

आणि रांगेची एक रीत असते. ती शहरातल्या माणसाला कळत नाही. रांगेत भांडं म्हणजेच माणूस. कुणी बाई लेकराला पाजायला घरी निघाली तर शेजारणीला म्हणते, "माझा नंबर धर गं." शेजारीण "हाव" म्हणाली की संपलं. मग ती सवत का असेना, नंबर राखायचा. बाई वेळेत परतली नाही आणि पाणी सुटलं, तर आधी तिचं भांडं भरायचं आणि तिच्या दारात नेऊन ठेवायचं. ती येईपर्यंत जागा सोडायची नाही. जायचंच असलं तर दुसऱ्या कुणाकडून "हाव" घ्यायचं. हे कुणी कुठं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर एवढं पाळलं नसतं कुणी.

गिऱ्हाइकं कुरकुरली. आम्ही गाड्या कुठं लावायच्या, हंड्यांवर का? मालकानं तोटी बंद केली आणि पार्किंगच खासगी ठेक्याला देऊन टाकलं. ठेकेदारानं एक शिट्टी आणली, पिवळे जॅमर आणले आणि रेवणला आणलं. जॅमर म्हणजे लोखंडी चिमटा. चाकाला लावला, कुलूप घातलं, की गाडी जागची हलत नाही. दंड भरा, मग सुटा. खरेदी न करता गाडी लावली, राखीव जागेत लावली, लागला चिमटा.

बाया यायच्या बंद झाल्या. एक सोडून.

धुरपताबाई. लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या बांधायला नवऱ्याबरोबर आलेली. नवरा केरबा. त्याच कामावर चुन्याची फकी डोळ्यांत गेली आणि तो आंधळा झाला. जिल्हा झाला, कचेरी झाली, केरबाचे डोळे गेले. पुढं धुरपताबाईनंच त्याला पोसला. तोटी बंद झाली तरी तिनं आपली तांब्याची घागर राखीव चौकोनात आणून ठेवली, भर दुपारी.

"ए म्हातारे, उचल ती," रेवण म्हणाला. "ही जागा राखीव हाय."

"कुणाला?"

"मालकाला."

"कुठं हाय मालक?"

"यील गाडीत बसून."

"मंग यीस्तोवर बसून राहील घागर. तिला का पाय हायत पळून जायला."

"तोटी बंद हाय, म्हातारे. पाणी न्हाई यायचं."

"तोटी माणसानं बंद केली. माणूसच सोडल." तिनं विटका हिरवा पदर तोंडावर ओढला, ऊन लागत होतं. "म्हातारा घरी एकटाच हाय, बघून येते. नंबर धर बापू." आणि त्याच्या हावची वाट न बघता निघून गेली.

रेवणनं तिच्या तोंडाकडं धड बघितलंही नव्हतं. त्यानं घागर उचलली, गळ्यात चिठ्ठी बांधली, 'राखीव जागेतून जमा', आणि मागच्या खोलीत टाकून कुलूप घातलं. माल जप्त करायची त्याच्यावर सक्तीच होती, असं तो पुढं सांगायचा. असेल. म्हातारी परत आली. रिकाम्या चौकोनाकडं बघून राहिली. भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा घेऊन पार लांबच्या पाण्याच्या टाकीवर उन्हात उभी राहिली, कारण घरात दुसरं भांडं नव्हतं आणि तिथं तिचा नंबर सगळ्यांच्या मागं.

चहाच्या गाड्यावर रेवणच्या कानावर आलं, कुणीतरी म्हातारी रांगेत पडली म्हणे, उठलीच नाही. रेवणनं चहा संपवला. कोण म्हातारी, ते विचारलं नाही.

ती म्हातारी पडली सोमवारी. आणि ही शुक्रवारची रात्र.

बाजाराचे दिवे बंद. रस्त्यावरचा एक खांब तेवढा पिवळा उजेड टाकत होता. रेवण फाटकातून आत आला, तर जीप नाही. राखीव चौकोनात जॅमर तुटून पडलेला. जीपवाल्यानं कुलूप फोडून गाडी नेली होती. चला, बरं झालं, त्याला वाटलं. त्यानं गाडी चौकोनातच उभी केली आणि जॅमर उचलायला वाकला.

जॅमरच्या पलीकडं, तोटीखाली, घागर होती. तिच्याशेजारी कुणीतरी बाई उकिडवी बसलेली. तोंडावर पदर.

"कोण हाय गं?"

"मीच," बाई म्हणाली. आवाज म्हाताऱ्या बाईचा. "नंबर लावलाय."

दुसरा कुठला दिवस असता तर रेवणनं शिट्टी फुंकली असती. पण त्या रात्री त्याचं चित्त औशाला होतं. बाप होणारा माणूस थोडा मऊ झालेला असतो.

"माय, तोटी बंद हाय. घरी जा."

"जाते. नुसतं एक घर बघून येते. नंबर धरतूस का बापू?"

आणि रेवणनं, ज्याचं बालपण निलंग्याकडं असल्याच रांगांत गेलं होतं, जे तोंडात बसलेलं होतं तेच म्हटलं.

"हाव. जा. पण लवकर ये माय, बायको दवाखान्यात हाय माझी."

बाई उठता उठता थांबली. "पयलटकरीण का?"

"हाव."

"घसा कोरडा पडतो तवा. लई पडतो." मग म्हणाली, "आलेच मी."

वस्ती बाजाराच्या मागं होती. बाई मागं गेली नाही. फाटकातून बाहेर पडली आणि औशाच्या रस्त्याला लागली. रेवणनं बघितलं. अंधारात चुकली असेल, त्याला वाटलं.

"मामा, बाजारातली वीज गेली असेल ना," कुणीतरी पोरगं म्हणालं.

"तिथं वीज व्हती," मामा म्हणाले. "ऐक."

रेवण थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, मरू दे, कोण बघतंय. पैसे द्यायचेत का कुणाला. गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली. पिवळ्या पट्टीपाशी आली आणि बंद पडली. परत किक. परत पट्टीपर्यंत. परत बंद. चाकाकडं बघितलं, चाकाला काही नाही. ढकलून बघितली. जणू चिमटा लावलाय.

ठीक. चालत जाऊ, रस्त्यावर एखादा ट्रक भेटेल. त्यानं कॅन सोडून खांद्यावर घेतली. फाटकाकडं निघाला. दहा पावलं असतील नसतील. फाटकाची कडी हातात धरली. गार लागली हाताला, मे महिन्यात.

ती कडी नव्हती. तोटी होती.

तो चौकोनात उभा होता. घागर पायाशी.

पुन्हा निघाला. या खेपेला पळत. भिंतीवरून उडी मारायची म्हणून हात वर टाकले…

तोटी.

त्यानं मोबाईलचा उजेड घागरीवर धरला. गळ्यात चिठ्ठी होती. 'राखीव जागेतून जमा'. अक्षर त्याचंच. ती घागर मागच्या खोलीत होती. खोलीला कुलूप होतं. चावी त्याच्या खिशात होती. त्यानं खिसा चाचपला. होती.

म्हणजे ही तीच म्हातारी. भरून दे मग एकदाची, संपव. त्यानं कॅनचं बूच काढलं आणि महानंदासाठी आणलेलं पाणी घागरीत ओतलं. गुडगुड ओतत राहिला. कॅन हलकी झाली, रिकामी झाली. उजेड आत टाकला.

घागर कोरडी. बुडाला धूळ.

मागं टण् वाजलं. फरशीवर भांडं टेकल्यासारखं.

त्यानं वळून बघितलं नाही.

परत टण्. जरा लांब. मग प्लॅस्टिकचा डबा सरकल्याचा खरखराट. मग अजून एक…

शेवटी बघितलं. सगळ्या चौकोनांत भांडी होती. हंडे, कळशा, तेलाचे डबे, बाळाच्या आंघोळीची बादली. फाटकापर्यंत. बाई एकही नाही. नुसती भांडी. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं.

रेवण चौकोनात बसला. गुडघे पोटाशी घेऊन.

फोन वाजला. आईचा.

"अव्वा…"

"रेवण, कुठं हाईस तू?" पार्वतम्मा विचारत होती. "पोरीला आत घेतलं. पाणी पाणी करून राहिली. टाकीत थेंब न्हाई. आरं बोल की."

"अव्वा, मी हितं…"

"रेवण? ह्यो बोलंना का."

तिला ऐकू जात नव्हतं. त्यानं ओरडून बघितलं. भांड्यांवरून आवाज घुमून परत आला. फोन तसाच चालू. पार्वतम्मानं तो बहुतेक पदरात खोचला. आता लुगड्याची सळसळ ऐकू येत होती. दार उघडल्याचा आवाज. लांबून महानंदाचं कण्हणं. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या, 'अडलंय' एवढंच कळलं.

माणसाला एवढं जवळ ऐकू यावं आणि हात पोचू नये, याला काय म्हणायचं.

मग फोनमधून दुसराच आवाज आला. महानंदाच्या अगदी जवळ. म्हाताऱ्या बाईचा.

"दम धर बाय. आलेय मी…"

हा आवाज आत्ता इथून गेला होता. चालत. औशाच्या रस्त्यानं.

फोन कट झाला.

आता इथं मामा स्वतः येतात. समोरच्या पंपावर त्या वेळी भुजंगमामा राखणीला होते. बाजारात कुणी ओरडलेलं त्यांनी ऐकलं. बॅटरी घेऊन फाटकाशी आले. त्यांना ना हंडे दिसले ना डबे. मोकळी फरशी, आणि राखीव चौकोनात रेवण, गुडघे पोटाशी धरून. पुढ्यात घागर.

"काय रे रेवण, हितं काय करून राहिलास? औशाला जाणार व्हतास ना?"

रेवणनं मान वर केली. घामानं निथळत होता. "मामा, बाहेरच थांबा."

मामांनी बॅटरी घागरीवर मारली. "आँ? ही धुरपतीची घागर. केरबाची बायको. बुडाला पोचा हाय बघ, मीच पाडलाय एकदा पंपावर पाणी भरताना. हिचं रे काय करतूस? ती गेली की सोमवारी. टाकीवर. रांगेत."



"मेली, मामा?"

"तिथल्या तिथं. मी खांदा दिलाय."

एक ट्रक गेला रस्त्यानं. त्याचा उजेड फरशीवरून फिरला. रेवणला त्या उजेडात सगळ्या भांड्यांच्या कडा चकाकलेल्या दिसल्या. मामांना काही नाही.

"उठ," मामा म्हणाले. "तुझी बायको तिकडं, तू हितं काय भिऊन बसलास. घागरीची राखण करायची का? मी बसतो. तू जा, माझी सायकल घे, नाक्यावर ट्रक भेटल. जा, मी…"

"मामा, बोलू नका."

"आरं मी धर…"

"तोंड बंद करा म्हनलं ना!"

कधी उलट न बोलणारा पोरगा. मामांनी बॅटरी खाली केली.

रेवणला तेव्हा काय काय वाटलं, ते त्यानं पुढं मामांना सांगितलं. एक शब्द लागत होता. मामांनी तो स्वतःहून तोंडाशी आणला होता. रेवण सुटला असता. मामा अडकले असते, पण मामांना कोण होतं घरी वाट बघणारं? हे आलं त्याच्या मनात. आलं, म्हणाला, खोटं कशाला बोलू. महानंदा अडली होती आणि तिच्या उशाशी मेलेली बाई होती. का गेली ती तिथं? सूड उगवायला? लेकरू न्यायला? धावायला नको?

मग त्याला दुसरंही आठवलं. त्या दुपारी ती परत आली तेव्हा जागा रिकामी होती. नंबर धरला असता तर ती आज आपल्या घरी असती. आज ती त्याच्याकडून हाव घेऊन गेली आहे. कुठं गेली, काय धरून बसली, कुणाला ठाऊक. पण हिनं माझ्या घरचं काही धरलं असलं आणि मी इकडं तिचं सोडलं…

"मामा, तुमी जा," रेवण म्हणाला. "पाया पडतो. काय बी न बोलता जा."

मामा गेले. पंपावर जाऊन बसले, पण नजर काढली नाही. रात्रभर तो एक माणूस चौकोनात. हलला नाही.

"भीती वाटली का तुम्हाला?" ताराने विचारलं. आता ती हसत नव्हती.

मामांनी सुपारीचं खांड दुसऱ्या दाढेखाली सरकवलं.

रेवणनं घागर तोटीखाली नीट ठेवली. तोंड वर. बूड फरशीवर घट्ट. आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसला, जशी बाई बसते रांगेत. पळायचं नाही म्हटल्यावर पिवळ्या पट्ट्या काही करत नव्हत्या. मागं भांडी गप्प होती. एकदा कुणीतरी खोकलं. एकदा अगदी मानेजवळून कुणीतरी म्हणालं, "पुढं सरायचं न्हाई का?"

"न्हाई," रेवण म्हणाला. "पयला नंबर हाय. धुरपताबाईचा."



फोन परत वाजला नाही. त्यानं लावून बघितला. लागला नाही. रात्र किती मोठी असते, ते दवाखान्याच्या बाहेर बसलेल्याला विचारा. आणि हा तर बाहेरही नव्हता.

पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, भिंतीत आचका बसला. तोटी खोकली. एकदा. दोनदा. हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग करंगळीएवढी धार. कुणी सोडली? बाजार बंद होता. बोअरच्या मोटारीची खोली बंद होती. मामांनी पंपावरून धारेचा आवाज ऐकला, एवढं ते शपथेवर सांगतात. तांब्यात पाणी पडल्याचा आवाज वेगळा असतो.

घागर भरली आणि धार थांबली. रेवणनं मागं बघितलं. फरशी मोकळी होती.

त्यानं घागर खांद्यावर घेतली. पिवळ्या पट्टीपाशी पाय उचलेना. मग डोळे मिटून टाकला. पडला पलीकडं.

इथून तो औशाला पळाला असेल, असं वाटेल तुम्हाला. तो आधी मागच्या वस्तीत गेला. अर्धं धरलेलं धरलेलं नसतं. केरबाची झोपडी विचारावी लागली नाही, दार उघडंच होतं. म्हातारा बाजेवर बसला होता, भिंतीकडं तोंड करून.

"कोण हाय?"

"पाणी आणलंय बाबा."

केरबानं हात पुढं केला. घागरीच्या बुडावरून बोटं फिरवली, पोच्यावर थांबवली. मग मान हलवली.

"ठेव तितं. म्हनली व्हती ती, कुणीतरी घेऊन यील."

"कधी म्हनली बाबा?"

"रातच्याला," म्हातारा म्हणाला. "घाईत व्हती."

रेवणनं माठ धुतला, पाणी गाळून ओतलं, एक तांब्या म्हाताऱ्याच्या हाताशी ठेवला. म्हाताऱ्यानं आधी घोटभर पाणी अंगणाच्या दिशेनं शिंपडलं, मग प्याला. मेलेल्या माणसाला पाणी द्यायचं ते अकितीला, आणि ती दोनतीन दिवसांवर होती. त्याला तेवढी वाट बघायची नव्हती बहुतेक.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. औशाचा दवाखाना येईपर्यंत सूर्य वर आला होता. रेवण जिना चढला तो पाय ओढतच. वर काय वाढून ठेवलंय, ते त्याला नको होतं.

महानंदा कुशीवर झोपली होती. कुशीत पोरगी. जिवंत. दोघीही.

"लई अडली व्हती," पार्वतम्मा म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हनल्या व्हत्या, लातूरला न्या. आन् मग आपसूक सुटली." मग तिचा पारा चढला. "आन् तू कुठं मेला व्हतास रे? घोटभर पाण्यासाठी पोरगी तडफडली. रातभर मी एकटी हितं."

महानंदानं डोळे उघडले. "एकट्या कुठं व्हता अव्वा. ती मावशी व्हती की." मग रेवणकडं बघून, "तुमीच धाडली ना? तुमचं नाव घेत व्हती. तोंडाला तांब्या लावून पाजलं मला. पोरीला बी न्हाऊ घातलं."

"कुठली मावशी?" पार्वतम्मा म्हणाली. "आन् कशानं न्हाऊ घातलं? थुकीनं?"

रेवण खाली बसला. भिंतीला टेकला.

पोरीच्या अंगावर जुन्या लुगड्याचं धडपं गुंडाळलेलं होतं. हिरवं, विटून विटून पांढुरकं झालेलं, धुऊन धुऊन मऊ. तान्ह्या लेकराला म्हाताऱ्या बाईचंच लुगडं लागतं, तिचं आयुष्य लागावं म्हणून. पार्वतम्माला वाटलं, सुनेनं माहेरून आणलं. सुनेला वाटलं, सासूनं. नर्सबाईंना वाटलं, यांचंच असेल.

धडपं ओलं होतं. लेकराला सर्दी होईल म्हणून पार्वतम्मानं ते काढलं, पिळलं आणि दवाखान्याच्या गच्चीत तारेवर टाकलं. मे महिन्याचं ऊन. तिथं घोंगडं टाकलं तरी घटकाभरात वाळतं.

दुपारी ती बघायला गेली. टोकाला थेंब होता. पडला. मग दुसरा जमला.

पार्वतम्मा बराच वेळ बघत उभी राहिली. मग खाली गेली, पातेलं आणलं आणि तारेखाली ठेवलं.

दिवस मावळता पातेलं भरलं. तिनं ते उचललं आणि दुसरं ठेवलं.